६-६ नंतरचे अठरा गुण: रोलाँ गॅरो २०२२ ची पुरुष दुहेरीतील एक उपांत्य लढत

रोलाँ गॅरो (पॅरिसची फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धा) २०२२ च्या पुरुष दुहेरीत भारताचा रोहन बोपण्णा आणि नेदरलँड्सचा मॅटवे मिडलकूप ही १६ वे मानांकन असलेली जोडी उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. समोर १२ वे मानांकन असलेले एल साल्वाडोरचा मार्सेलो अरेव्हालो आणि नेदरलँड्सचाच जाँ-ज्युलियन रॉयर होते. पहिला सेट बोपण्णा-मिडलकूपने ६-४ घेतला, दुसरा ३-६ गेला आणि तिसरा ६-६ वर अडला. निर्णायक टायब्रेक, म्हणजे ६-६ नंतर सेटचा निकाल लावणारा गुणांचा गेम, अरेव्हालो-रॉयरने १०-८ असा जिंकला. दोनच दिवसांनी याच जोडीने विजेतेपद पटकावले.

बोपण्णा तेव्हा ४२ वर्षांचा होता. पुरुष दुहेरीत ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी तो सात वर्षांनी खेळत होता. आधीची २०१५ च्या विम्बल्डनमधली. तिथे फ्लोरिन मर्जियाच्या साथीने खेळताना तो पाच सेटमध्ये हरला होता आणि पाचवा सेट १३-११ पर्यंत लांबला होता. त्या दिवशीही नेटपलीकडे रॉयर होताच, होरिया टेकाऊबरोबर. फरक एवढाच की २०१५ मध्ये निर्णायक सेटला २४ गेम लागले आणि २०२२ मध्ये ६-६ नंतर अठरा गुणांत सगळे आटोपले. निर्णायक सेटमध्ये ६-६ झाले की १० गुणांचा टायब्रेक खेळायचा, हा नियम चारही ग्रँड स्लॅमनी मार्च २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर जाहीर केला आणि त्याची पहिली अंमलबजावणी याच स्पर्धेत झाली.

अशा निकालानंतर 'टायब्रेक म्हणजे शेवटी नशीब' असे सहज म्हटले जाते. आम्हाला ते अजिबात पटत नाही. दुहेरीच्या टायब्रेकमध्ये कोण, कोणत्या टोकाकडून, किती जुन्या चेंडूने आणि कोणत्या कोर्टात सर्व्हिस करणार, यातला बराचसा भाग तिसऱ्या सेटच्या पहिल्याच गेमआधी ठरून गेलेला असतो. या प्रकरणात तोच भाग उलगडून पाहायचा आहे.

उपांत्य फेरीपर्यंतची वाट

या जोडीसाठी ६-६ ही परिस्थिती नवी नव्हती. तिसऱ्या फेरीत त्यांनी निकोला मेक्टिच आणि मॅटे पाविच या आदल्या वर्षीच्या विम्बल्डन विजेत्यांना ६-७ (५-७), ७-६ (७-३), ७-६ (१२-१०) असे हरवले, तेही पाच मॅच पॉइंट (समोरच्यांना सामना जिंकायला एकच गुण हवा अशी वेळ) वाचवून. तीन सेट आणि तिन्ही टायब्रेकमध्ये. उपांत्यपूर्व फेरीत लॉईड ग्लासपूल आणि हॅरी हेलिओव्हारा यांच्याविरुद्ध ४-६, ६-४, ७-६ (१०-३). म्हणजे लागोपाठ तीन सामने निर्णायक सेटच्या टायब्रेकपर्यंत गेले, त्यातले दोन जिंकले आणि तिसरा गेला.

माती संथ, तरी सर्व्हिस मोडत का नाही

लाल मातीवर चेंडू मंदावतो, उसळी वर येते, बिनतोड सर्व्हिस कमी पडतात. एकेरीत त्यामुळे ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेले गेम, जास्त होतात आणि दुहेरीतही तसेच व्हावे अशी अपेक्षा असते. मातीवर खेळ जसा खोलवर पाहावा तशी ही अपेक्षा ढासळत जाते.

रोलाँ गॅरोच्या कोर्टात विटांच्या भुकटीचा लाल थर जेमतेम १ ते २ मिलिमीटर असतो. त्याखाली चुनखडीचा, मग कोळशाच्या खंगराचा आणि सर्वांत तळाशी खडीचा थर. वरची भुकटी चेंडूला घट्ट धरते, त्यामुळे किक सर्व्हिसची (फिरकी देऊन उंच उसळवलेल्या सर्व्हिसची) उसळी रिटर्न करणाऱ्याच्या खांद्यापर्यंत येते. एकेरीत ही अडचण फारशी नाही, कारण खेळाडू दोन-तीन मीटर मागे सरकतो आणि उंच, खोल, भरपूर टॉपस्पिन दिलेला रिटर्न मारतो. दुहेरीत तोच रिटर्न आत्मघातकी ठरतो. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटवर उभा असतो आणि नेटच्या वरून मीटरभर उंच जाणारा चेंडू त्याच्या हातात आयता पडतो.

दुहेरीत रिटर्न नेटला घासून जावा लागतो आणि सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाशी उतरावा लागतो. नेट मधोमध ०.९१ मीटर आणि खांबाशी १.०७ मीटर. खांद्याच्या उंचीवरून मारलेला चेंडू नेटच्या मधल्या भागावरून नेऊन लगेच खाली वळवायचा, हे मनगटाचे अवघड काम आहे. मागे सरकावे तर नेटवरच्या खेळाडूला आडवे धावून चेंडू कापायला जास्त वेळ मिळतो, पुढे उभे राहावे तर किकच्या उसळीला सामोरे जावे लागते. उत्तम रिटर्न करणारे दुसरा पर्याय घेतात. ते बेसलाईनच्या आत पाऊल टाकून चेंडू वर चढायच्या आतच छातीच्या खाली घेतात. मातीवर उसळी अनेकदा वाकडी येते, त्यामुळे तिथे हुकलेले फटकेही भरपूर दिसतात.

मातीने रिटर्न करणाऱ्याला दिलेली खरी मदत वेगळी आहे. व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, मारणाऱ्याला थांबून दिशा बदलताना सैल भुकटीवर पाय निसटतो. म्हणून नेटवरचा खेळाडू एका दिशेने निघाला की त्याच्या पाठीमागच्या जागेत, म्हणजे गल्लीच्या (दुहेरीसाठी कोर्टाच्या कडेला असलेल्या पट्ट्याच्या) बाजूला, मारलेला चेंडू हार्डकोर्टपेक्षा इथे जास्त कमाई करतो. लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू, हाही तसाच उपयोगी. चेंडू टप्पा पडून उंच उडतो आणि मागे धावणाऱ्याला तो खांद्यामागून घ्यावा लागतो.

ग्रँड स्लॅमची गुणपद्धती सर्व्हिस करणाऱ्याच्या आणखी बाजूची आहे. एटीपी टूरवर (पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) २००६ पासून दुहेरीत ड्यूसनंतर (४०-४० झाल्यावर) एकच निर्णायक गुण असतो आणि तिसऱ्या सेटऐवजी थेट १० गुणांचा मॅच टायब्रेक खेळतात. रोलाँ गॅरोत मात्र जुनी ड्यूस-ॲडव्हांटेजची पद्धत (ड्यूसनंतर सलग दोन गुण जिंकावे लागतात) आणि पूर्ण तिसरा सेट. समजा सर्व्हिस करणारी जोडी आपल्या सर्व्हिसवरचे ६५ टक्के गुण जिंकते. गणित केले तर एका निर्णायक गुणाच्या पद्धतीत ती सुमारे ८० टक्के गेम राखते, ॲडव्हांटेजच्या पद्धतीत सुमारे ८३ टक्के. तीन टक्के फार वाटत नाहीत, पण एका सेटच्या बारा गेममध्ये ते साठत जातात आणि ६-६ ची शक्यता वाढवतात.

१०-८ चा हिशेब

टायब्रेकमध्ये पहिला गुण एक खेळाडू सर्व्ह करतो, त्यानंतर प्रत्येक जण दोन-दोन. त्यामुळे एकूण गुण सम झाले की दोन्ही जोड्यांच्या सर्व्हिसचे गुण अगदी समान झालेले असतात. १०-८ म्हणजे १८ गुण, प्रत्येकी ९ सर्व्हिसवर. दोघांनी आपापल्या सर्व्हिसवरचे सगळे गुण जिंकले असते तर ९-९ झाले असते. म्हणजेच अरेव्हालो-रॉयरने समोरच्यांच्या सर्व्हिसवर जितके गुण मिळवले, ते त्यांनी स्वतःच्या सर्व्हिसवर गमावलेल्या गुणांपेक्षा बरोबर एकाने जास्त होते. फक्त एकाने.

दोन गुणांच्या फरकाने संपणाऱ्या प्रत्येक टायब्रेकला हे लागू आहे. मेक्टिच-पाविचविरुद्धच्या १२-१० मध्ये बोपण्णा-मिडलकूपची शिल्लकही एकच रिटर्न गुण होती. ग्लासपूल-हेलिओव्हाराविरुद्धचा १०-३ मात्र निराळा. तिथे १३ गुण झाले, म्हणजे एका जोडीने ७ आणि दुसरीने ६ सर्व्ह केले, आणि विजेत्यांची शिल्लक तीन किंवा चार गुणांची. तो एकतर्फी टायब्रेक होता, उपांत्य लढतीतला नव्हता.

रिटर्नवर ३५ टक्के गुण मिळतात असे धरले तर नऊ संधींत जेमतेम तीन गुण हाती लागतात. एक दुसरी सर्व्हिस बाहेर गेली किंवा नेटवरून एक व्हॉली निसटली, तरी शिल्लक पलटते. म्हणून टायब्रेकमधली पहिली सर्व्हिस कोर्टात पडणे हे तिच्या वेगापेक्षा महत्त्वाचे. मातीवर अनुभवी जोड्या अशा वेळी पहिल्याच सर्व्हिसचा वेग उतरवतात आणि ती अंगावर, कमरेच्या रोखाने टाकतात. तिथून कोन काढता येत नाही आणि नेटवरचा जोडीदार बिनधास्त आडवा येऊ शकतो.

कोण, कोणत्या टोकाकडून

पहिला सेट १० गेमचा आणि दुसरा ९ गेमचा, एकूण १९. म्हणून सामन्याची सुरुवात ज्या जोडीने सर्व्हिसने केली, तिच्याकडे तिसऱ्या सेटची पहिली सर्व्हिस येत नाही. ती समोरच्यांकडे जाते, आणि मग आधीच्या जोडीला ४-५ आणि ५-६ वर सामना वाचवण्यासाठी सर्व्हिस करावी लागते.

तिसरा सेट सर्व्हिसने सुरू करणाऱ्या जोडीला 'अ' म्हणू आणि दुसरीला 'ब'. प्रत्येक सेटच्या सुरुवातीला जोडीतला कोण आधी सर्व्ह करणार हे नव्याने ठरवता येते, पण सेट सुरू झाल्यावर क्रम बदलता येत नाही. बारा गेममध्ये चौघांच्या वाट्याला तीन-तीन सर्व्हिस गेम येतात, म्हणून ६-६ नंतर पुन्हा अ-१ ची, म्हणजे 'अ' जोडीत आधी सर्व्ह करणाऱ्याचीच पाळी. टूरवरच्या मॅच टायब्रेकआधी क्रम बदलायची मुभा असते, इथे नसते, कारण हा टायब्रेक तिसऱ्या सेटचाच तेरावा गेम आहे. दोन्हींत गल्लत करणाऱ्या जोड्या आयत्या वेळी गोंधळतात.

आता अठरा गुणांची वाटणी पाहा. अ-१ कडे १, ८, ९, १६ आणि १७ वा गुण. ब-१ कडे २, ३, १०, ११ आणि १८ वा. अ-२ कडे ४, ५, १२, १३. ब-२ कडे ६, ७, १४, १५. दोन्ही जोड्यांत पहिल्या क्रमांकाचा खेळाडू पाच वेळा सर्व्ह करतो, दुसरा चार वेळा. ८-८ झाले की सतरावा गुण अ-१ चा आणि ९-८ वर अठरावा गुण ब-१ चा. तिसऱ्या सेटच्या आधी खुर्चीत बसून 'आधी तू कर' असे सहज म्हटलेले असते. त्या वाक्यात ८-८ चा सर्व्हरही ठरून जातो.

टोकांची बाब याहूनही गमतीची आहे आणि प्रेक्षकांच्या ती क्वचितच लक्षात येते. विषम गेमनंतर टोके बदलतात, म्हणून दुहेरीत प्रत्येक खेळाडू सेटभर एकाच टोकाकडून सर्व्ह करतो. पहिल्या गेममध्ये अ-१ ज्या टोकाला असेल त्याला उत्तर टोक म्हणा. मग अ-१ आणि ब-१ सेटभर उत्तरेकडून सर्व्ह करतात, अ-२ आणि ब-२ दक्षिणेकडून. टायब्रेकमध्ये मात्र टोके दर सहा गुणांनी बदलतात आणि ही घडी विस्कटते. अ जोडी सहा गुणांपर्यंत उत्तरेला, बारापर्यंत दक्षिणेला, अठरापर्यंत पुन्हा उत्तरेला. ब-१ ने सेटभर उत्तरेकडून सर्व्हिस केली असते, पण टायब्रेकचा दुसरा, तिसरा आणि अठरावा गुण त्याला दक्षिणेकडून सर्व्ह करावा लागतो. ऊन डोळ्यांवर येत असेल किंवा वारा समोरून असेल, तर टॉस (सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू) कुठे टाकायचा याचा सराव त्या टोकाकडून त्याला त्या सेटमध्ये मिळालेलाच नसतो. अ-२ चीही तीच गत. त्याच्या चार सर्व्हिसपैकी फक्त बारावी सवयीच्या टोकाकडून.

म्हणून वारा वाहत असेल तर ब-१ म्हणून टॉस खाली ठेवणारा, दोन्ही टोकांकडून सारखाच सर्व्ह करणारा खेळाडू निवडावा, वेगवान सर्व्हिसचा नव्हे. उन्हाच्या टोकावरून सर्व्हिस बिघडणाऱ्याला सेटभर सावलीच्या टोकावर ठेवायचे हा नेहमीचा शहाणपणा आहे, पण ६-६ नंतर तोच खेळाडू तयारीविना उन्हात उभा राहतो. त्यावर इलाज एकच. दुसऱ्या सेटमध्ये क्रम वेगळा ठेवून दोघांनाही दोन्ही टोकांची सवय करून घ्यावी.

शेवटचा गुण कोणाकडे जातो हेही ठरलेले आहे. विषम क्रमांकाचे गुण ड्यूस कोर्टात (रिटर्न करणाऱ्याच्या उजव्या अर्ध्यात) सर्व्ह होतात, सम क्रमांकाचे ॲड कोर्टात (डाव्या अर्ध्यात). दोन गुणांच्या फरकाने संपणाऱ्या टायब्रेकमध्ये एकूण गुण सम असतात, म्हणजे शेवटचा गुण नेहमीच ॲड कोर्टात. १८ वा असो की २२ वा, तो गुण ॲड कोर्टातला खेळाडूच घेणार. जोडीत रिटर्नची बाजू ठरवताना ड्यूस कोर्टाला कमी लेखू नये हे खरे, पण दडपणाखाली रिटर्न आत ठेवणारा माणूस ॲड कोर्टात हवा, यावर आम्ही ठाम आहोत.

चेंडू, ठसा आणि क्रमातल्या चुका

ग्रँड स्लॅममध्ये चेंडू आधी ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर बदलतात. पहिल्या वेळी दोन गेम कमी, कारण सराव त्यातच धरतात. टायब्रेकपर्यंतचे ३१ गेम मोजले तर चेंडू ७ व्या, १६ व्या आणि २५ व्या गेमनंतर बदलले जातात. २६ वा गेम म्हणजे तिसऱ्या सेटचा सातवा, आणि तो अ-२ चा. म्हणजे ताजे, टणक चेंडू अ-२ ला मिळतात आणि टायब्रेकमध्ये सर्वाधिक सर्व्हिस अ-१ ला. जोरकस सर्व्हिसच्या खेळाडूला कुठे ठेवायचे, ही खरी निवड आहे. सातव्या गेमची हमी घ्यायची की ८-८ ची? तिसरा सेट टायब्रेकपर्यंत जाईल असा अंदाज असेल, आणि या जोडीच्या आधीच्या दोन सामन्यांनंतर तो करायला हरकत नव्हती, तर पहिला क्रमांकच योग्य.

टायब्रेकमध्ये वापरले जाणारे चेंडू सहा गेम खेळून झालेले असतात. मातीवर सहा गेममध्ये चेंडूची लव फुगते, त्यात भुकटी बसते, चेंडू जड आणि संथ होतो. किक कमी उसळते, ही रिटर्न करणाऱ्यांसाठी चांगली बातमी. पण व्हॉलीही मेलेली पडते, त्यामुळे नेटजवळ हलक्या हाताने टाकलेला चेंडू टप्प्यानंतर उठतच नाही. अशा वेळी रिटर्ननंतर दोघेही बेसलाईनवर थांबून राहिले तर ड्रॉप व्हॉलीने गुण जातात. एकाने तरी सर्व्हिस लाईनपर्यंत आलेले असावे.

मातीवर उठलेला चेंडूचा ठसा हा दुहेरीत स्वतंत्र धोका आहे. चेंडू बाहेर पडला असे वाटले तर खेळ लगेच थांबवून पंचांना ठसा पाहायला सांगायचे असते. एका जोडीदाराने बोट दाखवले आणि दुसऱ्याने तोवर व्हॉली मारून गुण चालू ठेवला, तर अपील उशिरा ठरू शकते. जोडीदारांनी आधीच ठरवावे की चेंडूजवळचा माणूसच बोलेल आणि तो बोलला की दुसरा हात खाली घेईल. समोरच्याच्या बाजूचा ठसा पाहायला नेट ओलांडून जाणे नियमभंग आहे. आणि आपल्या बाजूचा ठसा पायाने पुसला, तर निर्णय मान्य केल्यासारखे धरले जाते. भुकटीत घसरत येणारा खेळाडू अनवधानानेही तो पुसतो, हे लक्षात ठेवून जोडीदाराने ठशाभोवती जागा राखावी.

टायब्रेकमध्ये चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केल्याचे लक्षात आले तर नियम असा: सम गुण खेळून झाले असतील तर क्रम लगेच दुरुस्त करतात, विषम झाले असतील तर बदललेला क्रमच पुढे चालू राहतो. झालेले गुण कायम. सहा गुणांनंतर टोक बदलताना बसायला वेळ नसतो, आणि चुका नेमक्या तिथेच होतात, कारण सहावा आणि सातवा गुण ब-२ एकामागोमाग दोन वेगळ्या टोकांकडून सर्व्ह करतो. बारावा-तेरावा अ-२ चा, तसाच.

अंतिम सामना

४ जूनला अरेव्हालो-रॉयरसमोर इव्हान डोडिग आणि ऑस्टिन क्रायचेक होते. पहिला सेट ६-७ (४-७) गेला. दुसऱ्या सेटमध्ये त्यांनी तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवले आणि टायब्रेक ७-५ असा घेतला. इथेही एकूण गुण बारा, सर्व्हिस सहा-सहा, शिल्लक एक रिटर्न गुण आणि शेवटचा गुण ॲड कोर्टात. तिसरा सेट ६-३. रॉयर चाळिशीत विजेता झाला, आणि अरेव्हालो ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारा मध्य अमेरिकेतला पहिला पुरुष खेळाडू ठरला. डोडिग-क्रायचेक पुढच्याच वर्षी त्याच मातीवर विजेते झाले. अरेव्हालो २०२४ मध्ये पुन्हा जिंकला, या वेळी पाविचबरोबर, ज्याला बोपण्णा-मिडलकूपने २०२२ च्या तिसऱ्या फेरीत १२-१० ने घरी पाठवले होते. बोपण्णाला पुरुष दुहेरीचे ग्रँड स्लॅम विजेतेपद जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नच्या हार्डकोर्टवर मॅथ्यू एब्डनच्या साथीने मिळाले. त्याच वर्षी पॅरिसच्या मातीवर ही जोडी पुन्हा उपांत्य फेरीत पोहोचली आणि सिमोने बोलेली-आंद्रेआ वावासोरी यांच्याकडून तीन सेटमध्ये हरली. त्या दिवशी निर्णायक सेट ६-६ पर्यंत गेलाच नाही.